एका चॅनेलची चार बारशी

चॅनेलला नाव असतं, हा लोकांचा गैरसमज आहे. नाव माणसाला लागतं. यंत्राला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. दिग्रसच्या केबल कंट्रोल रूममध्ये नोकरीला लागल्यावर मी हे पहिल्याच आठवड्यात शिकलो, आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कोणालाही पटवू शकलो नाही. शेठला नाही, गिऱ्हाइकांना नाही, आणि पुढाऱ्यांना तर नाहीच नाही.

मी बंजारा. आमचा तांडा दिग्रसहून आर्णीकडे जाताना एका फाट्यापासून आत आहे. आमचे पूर्वज लदेणी करायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर वाहायचे. मी मालिका, सिनेमे आणि बातम्या वाहिल्या. बैलाला निदान पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी मिळते. केबलवाल्याला बाराही महिने शिव्या, आणि क्रिकेटची मॅच असली तर जास्तीच्या.

कामाची गोष्ट थोडक्यात सांगतो, घाबरू नका. गच्चीवरच्या मोठ्या छत्र्यांमधून आणि वरच्या कंपनीच्या फायबरमधून चॅनेल गठ्ठ्यागठ्ठ्याने येतात. आमच्या तांड्यात मधोमध उभं राहून "राठोड" अशी हाक मारली, तर निम्मा तांडा "काय जी" म्हणत बाहेर येतो. म्हणून आम्ही आधी विचारतो तांडा कोणता, मग घर कोणाचं, आणि मग माणूस. यंत्रही तेच विचारतं. आधी नेटवर्कचा नंबर, मग गठ्ठ्याचा नंबर, मग त्या चॅनेलचा स्वतःचा नंबर. तिन्ही जुळले की चॅनेल सापडलं. नाव ही त्यानंतर दारावर लावलेली पाटी असते. पाटी काढली म्हणून घर हलत नाही.

कंट्रोल रूममध्ये एक रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी हे तीन नंबर भरायचे आणि शेवटी नावाचा रकाना. यंत्र नंबर पाहून रेकॉर्ड करायचं आणि नाव पाहून कप्प्यात ठेवायचं. या एका वाक्यात माझी सगळी नोकरी आली. नंबर बदलले की भलतंच रेकॉर्ड व्हायचं, आणि नाव बदललं की बरोबर रेकॉर्ड झालेलं भलत्याच कप्प्यात जाऊन बसायचं.

नंबर बदलल्यावर काय होतं, ते पुराणिक काकांना विचारा. काका कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरी रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतलेला, कारण काकूंची मालिका आणि काकांच्या बातम्या एकाच वेळेला. वरच्या कंपनीने एकदा कोणालाही न सांगता काही चॅनेलांचे नंबर एकमेकांत फिरवले. काकांचा बॉक्स इमानदार. त्याला जो नंबर शिकवला होता, तोच तो रोज रेकॉर्ड करत राहिला. वर नाव मालिकेचं आणि आत मात्र भाजी कापायचं यंत्र विकणारा माणूस.

काकांचा फोन आला. "चव्हाण, सोमवारपासून मालिकेत एक गृहस्थ कांदेच कापून राहिले आहेत. हिचं म्हणणं, कथेला काहीतरी वळण आलं असेल."

मी म्हटलं, "काका, ती मालिका नाही. ती जाहिरात आहे."

"कसं शक्य आहे? वर नाव तर मालिकेचं आहे. दस्तावर जे नाव लिहिलंय तेच ग्राह्य धरायचं असतं. आम्ही आयुष्यभर तेच केलं."

काकूंनी ते भाग नेटाने पाहिले होते. त्यांना वाटत होतं, की हा कांदेवाला नायिकेचा हरवलेला भाऊ निघणार. मी जाऊन बॉक्समध्ये नंबर नव्याने भरून दिले, तेव्हा मालिकेत नायिकेचं लग्न होऊन गेलं होतं आणि काकूंनी लग्न चुकवल्याचा दोष मला दिला. स्वयंपाकघरात ते भाजी कापायचं यंत्र मात्र आलं होतं. काका म्हणाले, चांगलं आहे.

आता नाव बदलल्यावर काय होतं ते सांगतो. आमच्या शेठचं स्वतःचं एक चॅनेल होतं. गणपतीची मिरवणूक, कापसाचे भाव, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पुढाऱ्यांच्या मुलाखती, एवढा त्याचा संसार. नियमाप्रमाणे नेटवर्कलाही नाव द्यावं लागतं. शेठने दिलं 'इंटरनॅशनल'. आमची तार एकीकडे मार्केट यार्डाच्या पलीकडच्या कापसाच्या जिनिंगपर्यंत आणि दुसरीकडे आमच्या तांड्यापर्यंत जाऊन संपत होती, पण हौसेला मोल नाही.

चॅनेलचं पहिलं नाव गावच्या नदीवरून 'धावंडा वार्ता' असं होतं. ते मी सुचवलेलं, त्यामुळे फार टिकलं नाही. शेठचे वडील वारले आणि चॅनेलचं 'मोतीलाल वाहिनी' झालं. मग शेठला नातू झाला, घरी बाळाचं बारसं आणि कंट्रोल रूममध्ये चॅनेलचं. दोघांचंही नाव आरव. पेढे मलाही मिळाले. आमच्याकडे ही रीतच आहे. रस्ता असो, कमान असो, पाणपोई असो, वस्तूचं काम सुरू होण्याआधी तिच्यावर नाव कोणाचं हे ठरतं, आणि बऱ्याचदा तेवढंच ठरतं. चॅनेलसुद्धा त्यातून सुटलं नाही.

मी दरवेळी शेठला सांगायचो, "शेठ, नाव बदललं का यंत्र नवा कप्पा उघडते. जुनं सगळं 'बंद' लिहिलेल्या कप्प्यात जाऊन पडते. कोणाले मग सापडत नाही."

शेठ म्हणायचा, "चव्हाण, लोक टीव्ही पाहतात. कप्पा कोण पाहते?"

बरोबर होतं त्याचं. कप्पा पाहणारा मी एकटाच होतो.

'आरव'च्या काळात शेठने एक नवा कार्यक्रम काढला. तालुक्याचे नेते भाऊसाहेब आठवड्यातून एकदा स्टुडिओत येऊन बसणार आणि लोकांच्या फोनला थेट उत्तरं देणार. स्टुडिओ म्हणजे शेठचं जुनं सरकीचं गोदाम. मागे निळा पडदा, पुढे प्लास्टिकची फुलं, आणि मधे काच. काचेच्या अलीकडे मी. फोन आधी माझ्याकडे यायचा. मी नाव-गाव विचारून आत सोडायचो. भाऊसाहेबांबद्दल एक सांगितलं पाहिजे, की माणूस बोलायला गोड. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. होकारांचा मात्र त्यांच्याकडे साठा होता, आणि तो कुठेही पोचवायचा नसल्याने कधी संपायचा नाही.

गणपतीच्या दिवसांत एक फोन आमच्याच तांड्यावरून आला. गणपत राठोडची पोरगी, अर्चना. दिग्रसला अकरावी सायन्सला होती. आमच्या तांड्यातून सायन्सला गेलेली पहिली. मी तिला ओळखत होतो, पण ते बाजूला ठेवून रीतसर नाव-गाव विचारलं आणि फोन आत सोडला.

"नमस्कार साहेब. मी तांड्यावरून अर्चना राठोड बोलून राह्यली. आमची बस फाट्यावरच थांबते जी. तिथून चालत या लागते. मधात नाला हाय, रान हाय. आता दिवाळीनंतर दिवस लवकर बुडते. बापू म्हणतात, अंधारात येत असशीन तर कॉलेज बंद कर. बस आतमध्ये कधी येईन, तेवढं सांगा."

भाऊसाहेब कॅमेऱ्याकडे पाहून प्रेमाने हसले. "बेटा, तू शिकून राह्यली, मले अभिमान आहे. दिवाळी झाली का बस तुह्या तांड्यात. हा भाऊसाहेबाचा शब्द आहे. अन् समज नाही आली, तर माही गाडी तुम्हा पोरीईले रोज घरी सोडून देईन. मंग तर झालं?"

"झालं जी," अर्चना म्हणाली, आणि फोन ठेवला.

यंत्राने ते सगळं इमानेइतबारे रेकॉर्ड केलं आणि 'आरव' नावाच्या कप्प्यात ठेवलं.

दिवाळी झाली. बस आली नाही. भाऊसाहेबांचे वडील मात्र त्याच सुमारास गेले, आणि शेठला भाऊसाहेबांकडून जागेचं काहीतरी काम करून घ्यायचं होतं. मला बोलावणं आलं. चॅनेलचं नवं नाव, 'कैलासवासी दादासाहेब स्मृती वाहिनी'. आमच्या सॉफ्टवेअरच्या रकान्यात एवढं मोठं नाव बसेना. 'कै. दादासाहेब स्मृ' इथवर आलं की रकाना संपायचा. शेठ म्हणाला, बसेल तेवढं बसव. लोक काय, रिमोट दाबताना नुसतं 'कै. लाव बे' म्हणायला लागले. चौथं बारसं हे असं एका श्राद्धातच उरकलं.

नोव्हेंबरच्या एका दुपारी अर्चना आणि तिची आई शांताबाई कंट्रोल रूमवर आल्या. शांताबाई पायऱ्या चढून आल्यावर दारातच बसली. आमच्यात आईला याडी म्हणतात. अर्चनाने "याडी, खुर्चीवर बस" म्हटलं, पण ती बसली नाही.

"भाऊ," ती मला म्हणाली, "हिच्या बापाले फुलसावंगीकडून स्थळ सांगून आलं. त्याईले घाई हाय. हिचा बाप म्हणते, अंधारात पोरगी चालत येते, उद्या काही झालं तं मी कोणाले तोंड दाखवू. मी म्हटलं, साहेबानं टीव्हीवर शब्द देला ना. तं म्हणते, टीव्हीवर सारेच देतात. पोरीचं शिक्षण राह्यते का जाते, आता त्या शब्दावर हाय. तुह्या मशिनीत तो असंन ना?"

गणपतला मी दोष देणार नाही. तो वाईट माणूस नाही. फाट्यावर कंदील घेऊन तो स्वतः अनेकदा पोरीची वाट पाहत उभा राहिलेला मी पाहिला आहे. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत ते रोज जमत नाही, एवढंच.

मी यंत्राशी बसलो. नव्या नावाच्या कप्प्यात काही नव्हतं. 'आरव' नावाचं चॅनेल यादीत नव्हतंच. पण तीन नंबर तेच होते. ते टाकले आणि 'बंद' कप्प्यातून भाऊसाहेब हसत बाहेर आले. बेटा, तू शिकून राह्यली, मले अभिमान आहे. शांताबाईने ते दोनदा पाहिलं. मी पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं आणि मला वाटलं, काम झालं. नोकरीत इतकी वर्षं घालवूनही माझा यंत्रावरचा विश्वास माणसांवरही सांडायचा, ही माझी खोड.

दुसऱ्या दिवशी तांड्याचे नायक म्हणजे आमचे प्रमुख, शांताबाई आणि अर्चना भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेले. सोबत यंत्राचा माणूस असावा म्हणून नायकांनी मलाही ओढलं. बैठकीत मोठा टीव्ही होता. त्याला पेन ड्राइव्ह लावला. भाऊसाहेबांनी स्वतःला पूर्ण पाहिलं. कसलेला माणूस, चेहऱ्यावर रेषा हलली नाही.

"हे कोपऱ्यात काय लिहिलं आहे?" त्यांनी विचारलं.

"आरव," नायक म्हणाले.

"हे कोणतं चॅनेल? आपल्या भागात आरव नावाचं चॅनेल नाही." आणि तिथल्या तिथे त्यांनी शेठला फोन लावला, स्पीकरवर. "शेठ, तुमच्याकडे आरव नावाचं चॅनेल आहे का?"

शेठने किंचित विचार केला. "नाही साहेब. आपल्याकडे दादासाहेबांच्या नावाचं आहे."

शेठ खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. त्या दिवशी तसं चॅनेल खरंच नव्हतं. नातवाचं नाव पुसताना त्याला वाईट वाटलं असेल की नाही, कोण जाणे.

मी मधे पडलो. "साहेब, नाव बदललं. चॅनेल तेच आहे. नेटवर्कचा नंबर तोच, गठ्ठ्याचा तोच, चॅनेलचाही तोच. मी दाखवतो."

"चव्हाण," भाऊसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "नंबर कोण पाहते? उद्या कोणी नंबर दाखवून म्हणेन, का हा बंगला माहा आहे. आजकाल तर मोबाइलमध्ये कोणाच्याही तोंडात काहीही घालता येते. लोकांचे व्हिडिओ बनतात. तुम्ही तांत्रिक माणूस, तुम्हाले तर माहीत पाहिजे."

मग सगळ्यांसाठी चहा आला. नायकांनी घेतला, कारण नायकांना पुढच्या महिन्यात समाजमंदिरासाठी परत यायचं होतं. मी घेतला नाही, पण माझ्या चहाची कोणी दखल घेतली असेल असं वाटत नाही. बाहेर आल्यावर नायक म्हणाले, "मोठी माणसं. जाऊ दे." अर्चना कपडे धुताना पिळे घालतात तसं ओढणीचं टोक पिळत चालली होती. मला तिच्याकडे पाहवेना. बापाच्या मनात आता काय येणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शांताबाई मात्र मध्येच थांबली. "भाऊ, बस त्याईच्या हातात नसंन. पण गाडीचं बोलले ना? ते तं त्याईच्या दारातच उभी हाय."

मी म्हटलं, "बोलले खरं."

"बस झालं मंग."

त्यानंतरच्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तांड्यातून दिग्रसला शिकायला येणाऱ्या चारही पोरी बस स्टँडवर गेल्याच नाहीत. त्या भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेल्या, व्हरांड्यात दप्तरं ठेवली आणि बाकावर बसल्या. त्या वेळी बंगल्यावर गर्दी असते. कोणी दाखल्यासाठी आलेलं, कोणी बदलीसाठी. येणारा-जाणारा विचारायचा, पोरींनो, कोणाचं काम आहे? अर्चना सांगायची, "काम नाही जी. साहेब घरी सोडून देणार हायेत. टीव्हीवर बोलले होते." दिग्रसमध्ये बातमी पसरायला आमच्या चॅनेलची कधीच गरज पडली नाही.

तासाभराने भाऊसाहेब आले. त्यांनी पोरींना तेच सांगितलं, की तसं चॅनेल नाही, तसा कार्यक्रम नाही. पोरी ऐकून घेऊन तशाच बसल्या. दिवस कलायला लागला होता. तेवढ्यात आतून वहिनी आल्या. भाऊसाहेबांच्या पत्नी राजकारणात नाहीत, त्यामुळे त्यांना कोणी पढवलेलं नव्हतं.

"काहून म्हणून राह्यले तुमी, का कार्यक्रमच नाही?" त्या म्हणाल्या. हा संवाद अर्चनाने मला नंतर जसाच्या तसा सांगितला. "मी पाह्यला ना. तुमी ते निळं जॅकेट घातलं होतं, मीच इस्त्री करून देलं होतं. तुमी म्हटलं, माही गाडी सोडून देईन. मी तेव्हाच म्हटलं, हा माणूस घरच्या पाहुण्याईले स्टँडवर नेऊन देत नाही, अन् हे काय बोलून राह्यला."

दाखल्यासाठी आलेले लोक हसले नाहीत, पण हसण्यासारखेच झाले. भाऊसाहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली.

त्या पांढऱ्या गाडीतून पोरी तांड्यात उतरल्या, तेव्हा सगळा तांडा बाहेर आला. गणपत अंगणात उभा होता. फुलसावंगीच्या लोकांना त्याने निरोप पाठवला, की थोडं थांबा.

रोज गाडी येऊ लागली. नाल्यातल्या दगडांनी गाडीचं पोट खरवडलं जायचं. ड्रायव्हर रोज संध्याकाळी अडकून पडू लागला आणि भाऊसाहेबांना लग्नसमारंभाला मित्रांच्या गाडीने जावं लागू लागलं. दोन-तीन आठवडे त्यांनी काढले. मग ते स्वतः एसटीच्या आगारात गेले, नाल्यावर मुरूम पडला आणि संक्रांतीच्या आत बस तांड्यात आली. जे काम जनतेच्या गैरसोयीने वर्षानुवर्षं होत नाही, ते पुढाऱ्याच्या गाडीच्या गैरसोयीने असं चुटकीसरशी होतं. पुढच्या निवडणुकीत कोणाला मागण्या करायच्या असतील, तर हे ध्यानात ठेवावं.

बसचं उद्घाटन झालं. नारळ, फेटे, ड्रायव्हरला हार. त्याच संध्याकाळी भाऊसाहेब शेठबरोबर कंट्रोल रूममध्ये आले.

"चव्हाण, तो आपला जुना कार्यक्रम आहे ना? बसचा शब्द देला होता तो. काढा बरं."

मी म्हटलं, "साहेब, आरव नावाचं चॅनेल तर आपल्याकडे नाही."

शेठ माझ्याकडे असा पाहू लागला, जणू माझी पेन्शन त्याच्या खिशात होती. भाऊसाहेब मात्र मोकळेपणी हसले. त्यांचं हे एक मानावंच लागेल, की खजील होणं हा प्रकार त्यांच्या घडणीतच नाही. "काढा, काढा. दिलेला शब्द पाळला, हे लोकाईले दिसलं पाहिजे. फक्त कोपऱ्यातलं नाव बदला, दादासाहेबांचं टाका. अन् गाडीचं काढून टाका, ते कायले पाहिजे. अन् त्या पोरीचा फोनही काढा. कोणी मागितलं म्हणून देलं, असं दिसाले नको."

मी काढलं. नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर तांड्यात बस येत होती, त्या आनंदात मला एवढं काही वाटलंही नाही. रोज तीन वेळा ते लागू लागलं. भाऊसाहेब निळ्या जॅकेटमध्ये, आणि कोणीही काहीही न विचारता ते हवेला म्हणतायत, "बेटा, दिवाळी झाली का बस तुह्या तांड्यात." पुराणिक काकांनी फोन करून विचारलं, की हे नेमके कोणाशी बोलत आहेत. मी म्हटलं, काका, वर नाव काय लिहिलंय ते पाहा आणि तेच ग्राह्य धरा.

गणपतला मात्र ते फार आवडलं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला टीव्हीसमोर बसवून सांगायचा, "हा माह्या पोरीले बेटा म्हणून राह्यला." अर्चना ते ऐकून घ्यायची. एकदा ती मला बसमध्ये भेटली. मी म्हटलं, "अर्चना, तुझा आवाज काढायला नको होता."

"आवाजाचं जाऊ द्या काका," ती म्हणाली. "बस चार वाजता निघते. प्रॅक्टिकल सुटते साडेचारले. मंगळवारी अन् शुक्रवारी आम्ही पुन्हा फाट्यापासून चालतच येतो. बापूले अजून सांगितलं नाही."

हे ऐकून मात्र मला वाईट वाटलं, आणि रागही आला. रागावणार कोणावर? आगारात विचारलं तर म्हणाले, बस भाऊसाहेबांनी सुरू केली, वेळही तेच बदलतील.

वडील गेल्यापासून बंद असलेला भाऊसाहेबांचा थेट कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, तेव्हा शेठने मला बजावून ठेवलं होतं. तांड्यावरचे फोन आत सोडायचे नाहीत. आधी नाव-गाव विचारायचं आणि लाइन बिझी आहे म्हणायचं. पहिल्या भागाला वहिनी पाहत असणार, गणपत पाहत असणार, आणि शेठ माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून बसलेला. भाऊसाहेब काचेपलीकडे, नवं जॅकेट घालून. पहिला फोन गटारीचा, दुसरा रेशन कार्डाचा. दोघांनाही होकार मिळाला. तिसरा फोन वाजला. मी उचलला.

"नमस्कार काका," पलीकडून आवाज आला.

मी नाव विचारलं नाही. गावही विचारलं नाही. "बोला," म्हटलं आणि फोन आत सोडून दिला.

"नमस्कार साहेब. मी तांड्यावरून अर्चना राठोड बोलून राह्यली. बस आली, तुमचे उपकार हायेत. आता टायमाचं सांगा. आमचं प्रॅक्टिकल साडेचारले सुटते. बस पाचले सोडा, नाही तं मंगळवारी अन् शुक्रवारी आम्ही चौघीजणी तुमच्या व्हरांड्यात येऊन बसतो. वहिनीईले नमस्कार सांगा."

शेठ उठून उभा राहिला. पण थेट कार्यक्रमात कापायला काही नसतं. बोललेलं त्याच क्षणी घरोघरी पोचलेलं असतं. भाऊसाहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे. मी रेकॉर्डिंगचे नंबर बरोबर आहेत ना, ते पाहत होतो.

"पाचले," भाऊसाहेब म्हणाले. "उद्यापासून."